पिग्मीवाल्याला वाचून दाखवता येईल अशी प्रेसनोट

सप्टेंबर महिना लागला की बेळगाव, शहापूर, वडगाव, खानापूर आणि निपाणी भागातल्या सहकारी पतसंस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो आणि माझ्या टेबलावर प्रेसनोटांच्या कच्च्या मसुद्यांची चळत वाढू लागते. दोन पतसंस्था, एक शिक्षण संस्था आणि उद्यमबागेतला एक फाउंड्रीचा कारखाना यांचे प्रसिद्धीचे लेखन मी सध्या करते. त्याआधी बरीच वर्षे एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. म्हणजे पूर्वी मी इतरांच्या प्रेसनोटा कापत असे आणि आता माझ्या प्रेसनोटा इतर लोक कापतात. या कामाच्या दोन्ही अंगांना बसल्यामुळे जे समजले, ते हंगामाच्या तोंडावर एकदा लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

यंदा आलेल्या एका मसुद्याचे पहिले वाक्य, नावे गाळून, असे आहे: "सहकार क्षेत्रातील अग्रगण्य, विश्वासार्ह व ग्राहकाभिमुख अशा आपल्या संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा संस्थेचे कर्तव्यदक्ष व धडाडीचे चेअरमन श्री. अमुक यांच्या अध्यक्षतेखाली, व्हाईस चेअरमन श्री. तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत व सर्व संचालकांच्या मार्गदर्शनाखाली अत्यंत खेळीमेळीच्या वातावरणात मोठ्या उत्साहात संपन्न झाली." व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात काही खोट नाही. परंतु ज्या सभासदाची ठेव त्या संस्थेत आहे, त्याला या वाक्यातून एकही कामाची गोष्ट कळत नाही. लाभांश किती टक्के जाहीर झाला हे सातव्या परिच्छेदात होते आणि कर्जाचा व्याजदर कमी केल्याची बातमी तर आभारप्रदर्शनाच्या आदल्या ओळीत लपली होती. 'खेळीमेळी' या शब्दाविषयी एक खासगी निरीक्षण नोंदवते: माइक कोणी धरायचा यावरून ज्या सभेत दोन सभासदांची ओढाताण झाली, त्या सभेच्या वृत्तान्तात हा शब्द हमखास असतो, आणि सभेला गेलेले लोक तो वाचून गालातल्या गालात हसतात.

वृत्तपत्राच्या टेबलावर संध्याकाळी काय चालते हे माहीत असेल तर असे वाक्य कोणी लिहिणार नाही. जाहिरातींनी व्यापून उरलेली जागा पानावर आखलेली असते, तालुक्यांच्या बातमीदारांचा मजकूर अजून येत असतो आणि उपसंपादकासमोर एकाच संध्याकाळी पंधरा-वीस संस्थांच्या प्रेसनोटा पडलेल्या असतात. प्रत्येकीला फार तर सिंगल कॉलममधल्या दहा-बारा ओळी मिळणार. अशा वेळी तो मजकूर खालून कापतो. अख्खी नोट वाचून तिची नव्याने मांडणी करण्याइतकी फुरसत त्याला नसते, आणि असली तरी ती तो आपल्या संस्थेसाठी खर्च करील असे समजण्याचे कारण नाही. म्हणूनच पत्रकारितेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवला जाणारा उलटा पिरॅमिड आमच्या कामात दुपटीने लागू पडतो. सर्वांत महत्त्वाचे सर्वांत वर ठेवायचे आणि मजकूर कुठल्याही परिच्छेदाच्या शेवटी तुटला तरी वरचा भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. कोण, काय, कधी, कुठे, का आणि कसे हे सहा ककारही तिथेच शिकवतात. त्यात माझी एवढीच भर आहे की पतसंस्थेच्या नोटेत 'काय' आधी यावे आणि 'कोण' मागून. चेअरमन कोण आहेत हे सभासदाला माहीत असतेच, कारण त्याने मत दिलेले असते.

तरीही नावांची टिंगल करण्याच्या मी विरुद्ध आहे. आपल्याकडे लोक स्थानिक बातमीत आधी आपल्या ओळखीचे नाव शोधतात. गावातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या बातमीत आपले नाव आले म्हणून ते कात्रण प्लास्टिकमध्ये घालून दुकानाच्या गल्ल्यावर लावणारे गृहस्थ मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या आनंदात मला काही गैर वाटत नाही. नावांची योग्य जागा कोणती, एवढाच प्रश्न आहे. मी ती फोटोओळीत घालते. 'डावीकडून' असे लिहून, चेहऱ्यांशी नावे ताडून, आद्याक्षरे तपासून. बातमी कापली जाते, परंतु फोटो छापला तर फोटोओळ सहसा शाबूत राहते. मुळात ज्यांचे चेहरे फोटोत आहेत, त्यांची नावे फोटोखाली असावीत हे वाचकाच्याही सोयीचे असते.

या व्यवसायाचा इतिहास सांगताना अमेरिकेतल्या आयव्ही ली यांचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. 1906 मध्ये अँथ्रासाइट कोळसा खाणमालकांसाठी काम करत असताना त्यांनी वृत्तपत्रांना एक तत्त्वांची घोषणा पाठवली. आमचे काम उघडपणे चालते, आम्ही बातमी पुरवतो, ती अचूक असेल, अधिक तपशील मागितला तर तो लगेच देऊ, असा तिचा आशय होता. त्यातच एक मुद्दा होता जो मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो: आमचा मजकूर खरे तर तुमच्या जाहिरात खात्याकडे जायला हवा असे तुम्हाला वाटले, तर तो वापरू नका. त्याच वर्षी 28 ऑक्टोबरला अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या ताब्यातल्या मार्गावर गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दडपत असत. ली यांनी कंपनीतर्फे माहितीचे निवेदन काढले आणि ते वृत्तपत्रांत छापूनही आले. पहिली प्रेसनोट म्हणून पुष्कळदा तिचाच दाखला दिला जातो.

परंतु गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धीच राहील. 1914 मध्ये कोलोरॅडोतल्या लडलो येथे खाणकामगारांच्या संपात गोळीबार झाला, कामगारांचे तंबू पेटले आणि त्यात स्त्रिया आणि मुलेही मेली. त्यानंतर खाणमालक रॉकफेलर यांच्या बाजूने ली यांनी जी पत्रके काढली, त्यांत कामगार नेत्यांच्या मानधनाचे फुगवलेले चुकीचे आकडे छापले गेले. अचूकतेची ग्वाही देणाऱ्या माणसाने मालकाने हाती दिलेला आकडा न तपासता पुढे पाठवला होता. नवशिक्यांना मी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगते, कारण आमच्या कामातली खरी अडचण तिथेच आहे. आकडा येतो तो पगार देणाऱ्याकडून, आणि तो तपासायचा म्हणजे पगार देणाऱ्यालाच प्रश्न विचारायचा.

पतसंस्थेच्या बाबतीत हे प्रश्न कोणते, ते आता पाठ झाले आहेत. "संस्थेला इतका नफा" असे लिहून आले की तो ढोबळ की निव्वळ, हे मी विचारते. बुडू शकणाऱ्या कर्जांसाठी बाजूला ठेवायच्या रकमा, म्हणजे तरतुदी, वजा करण्यापूर्वीचा आकडा मोठा दिसतो आणि मथळ्यात शोभतो, पण लाभांश निव्वळ नफ्यातून वाटला जातो. "एनपीए शून्य", म्हणजे थकीत कर्जच नाही, असे आले तर निव्वळ एनपीए शून्य आहे की ढोबळ, हे विचारते, कारण थकीत कर्जे भरपूर असूनही पुरेशी तरतूद केली की निव्वळ आकडा शून्यावर आणता येतो. वाक्यात 'निव्वळ' हा एक शब्द घातला की विधान खरे होते, आणि तो गाळला की वाचकाची फसवणूक होते. भाषणाच्या भरात चेअरमन संस्थेला "आपली बँक" म्हणतात. सभागृहात ते चालून जाते, नोटेत मी ते ठेवत नाही. सहकारी संस्थांनी आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरण्याविरुद्ध रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2021 मध्ये जनतेला जाहीर सावधगिरीचा इशारा दिला होता, आणि हा शब्द वाचून ठेवीदाराच्या मनात ज्या समजुती तयार होतात, त्यांची किंमत पुढे त्यालाच मोजावी लागते. त्यांतली सर्वांत मोठी समजूत ठेव विम्याची. फेब्रुवारी 2020 पासून बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. "आपल्या ठेवी पूर्णपणे सुरक्षित" हे वाक्य म्हणूनच मी कोणत्याही पतसंस्थेसाठी लिहीत नाही. त्याऐवजी संस्थेकडे राखीव निधी किती, गुंतवणूक कुठे आणि किती, लेखापरीक्षणात वर्ग कोणता मिळाला, हे लिहिते. सुरक्षित वाटायचे की नाही, हे ज्याचे पैसे आहेत तो ठरवील.

एखाददुसऱ्या शब्दावर सगळे अवलंबून असते याचे आणखी एक उदाहरण डिसेंबर 2024 मधले. बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षे झाली म्हणून अनेक संस्थांनी आपापल्या कार्यक्रमांना त्याची जोड दिली. टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीचे फोटो तर सगळीकडे झळकले. माझ्याकडे आलेल्या एका मसुद्यात "येथे महात्मा गांधी पहिल्यांदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले" असे वाक्य होते. 'पहिल्यांदा' म्हटले की दुसऱ्यांदाही झाले असतील असा अर्थ निघतो. गांधीजी काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचे अध्यक्ष होते, ते हे 1924 चे. 'पहिल्यांदा' काढून 'एकदाच आणि तेही बेळगावात' असे केले, तेव्हा वाक्य खरे झाले आणि अधिक जोरकसही झाले.

आता आमच्या भागाचे खास दुखणे. इथे प्रत्येक नोट दोन भाषांत जाते. कन्नडमध्ये तिला 'पत्रिका प्रकटणे' म्हणतात आणि ती कन्नड दैनिकांना जाते. सरकारी खात्यांशी पत्रव्यवहारही कन्नडमध्येच करावा लागतो. ज्याला आपण माहिती व जनसंपर्क खाते म्हणतो, त्याचे इथले नाव 'वार्ता मत्तु सार्वजनिक संपर्क इलाखे' असे आहे. एका भाषेत लिहून दुसरीत भाषांतर करायचे, हा सर्वांत सोपा आणि सर्वांत घातक मार्ग. दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द उचलले, परंतु वाटेत त्यांचे अर्थ वेगळे झाले. कन्नड वृत्तपत्रात 'आग्रह' म्हणजे मागणी. 'अनुमान' म्हणजे संशय. 'अवसर' म्हणजे घाई. आणि 'खंडने' म्हणजे निषेध. मराठीत खंडन म्हणजे आरोप खोडून काढणे. कर्मचाऱ्यावर झालेल्या हल्ल्याचा संचालक मंडळाने निषेध केल्याचे कन्नड निवेदन एका होतकरू मुलाने "हल्ल्याचे खंडन केले" असे मराठीत आणले होते. म्हणजे हल्ला झालाच नाही, असे संस्था म्हणत असल्याचे छापून आले असते! तेव्हापासून मी दोन्ही नोटा एकाच माहितीच्या यादीवरून, परंतु स्वतंत्रपणे लिहिते. कन्नड नोट लिहिण्यासाठी कन्नड शाळेत शिकलेला सहकारी आहे. आकडे, तारखा आणि नावे तेवढी दोन्हींत ताडून पाहायची. वाक्ये जुळली पाहिजेत असा हट्ट धरायचा नाही.

गावाच्या नावाचाही प्रश्न आहे. 1 नोव्हेंबर 2014 पासून सरकारी नाव 'बेळगावी' झाले आणि मराठी माणूस लिहितो 'बेळगाव'. यावर कोणाला काय वाटते याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे, पण लिहिणाऱ्याला रोज निर्णय घ्यावा लागतो. नोंदणीकृत पत्ता, कायदेशीर सूचना आणि कन्नड नोट यांत मी सरकारी नाव वापरते, मराठी नोटेच्या मजकुरात बेळगाव. दोन्ही नावे एकाच कागदावर मिसळत नाही, कारण मग संस्थेने भूमिका बदलली की काय, असे विचारणारा फोन कोणत्या ना कोणत्या बाजूने येतोच. प्रवेशद्वारावरच्या फलकाच्या बाबतीत तर निवडीचा प्रश्नच नाही: 2024 च्या कायदादुरुस्तीनुसार व्यापारी आस्थापनांच्या फलकावर साठ टक्के कन्नड आवश्यक आहे.

नोट कधी पाठवायची, हेही लेखनाच्याच तंत्रात मोडते असे मी मानते. 1 नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषिकांचा काळा दिन, त्यामुळे त्याच्या आगेमागे आपल्या रक्तदान शिबिराला पानावर जागा नसते. 17 जानेवारीला सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचा हुतात्मा दिन. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन भरले की शहरात मोर्चे, धरणे आणि मंत्र्यांचे दौरे यांचा पूर येतो, आणि टेबलावरचा माणूस पतसंस्थेची नोट उद्यासाठी बाजूला ठेवतो. हा उद्या सहसा उगवत नाही. फॉन्टचे त्रांगडे मात्र हल्ली कमी झाले आहे. एके काळी श्रीलिपीत केलेली मराठी नोट आणि नुडीत केलेली कन्नड नोट समोरच्या कॉम्प्युटरवर उघडली की निव्वळ खुणांचे जंजाळ दिसे. आता युनिकोडमुळे ते टळते, पण जुन्या फाइलमधून मजकूर उचलला की जोडाक्षरे आणि रफार अजूनही मोडतात. म्हणून मी पाठवण्यापूर्वी नोट एकदा मोबाइलवर उघडून बघते.

फोटोविषयी फक्त एक गोष्ट. ऑगस्ट 2019 च्या पुरात जिल्ह्यात हाहाकार उडाला, तेव्हा मदत वाटणाऱ्या संस्थांच्या नोटांचाही पूर आला होता. जवळजवळ प्रत्येक फोटोत मदत घेणारी बाई खाली पाहत होती आणि देणारे पाच जण कॅमेऱ्याकडे. मी ज्यांचे काम करते त्यांना तेव्हाच सांगितले की पाठवायचाच तर टेम्पोत चढवलेल्या तांदळाच्या पोत्यांचा फोटो पाठवू. थोडी कुरकुर झाली. पोत्यांचा फोटो छापूनही आला नाही, हेही इथे प्रामाणिकपणे सांगते.

आता माझ्या चुकीकडे वळते, जिच्यामुळे हे सारे लिहावेसे वाटले. काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेचे संगणकीय सॉफ्टवेअर बदलायचे होते. जुन्या यंत्रणेतली खाती नवीन यंत्रणेत नेण्यासाठी दोन दिवस व्यवहार बंद ठेवावे लागणार होते. सूचना लिहून द्या, असे मॅनेजरांनी शुक्रवारी दुपारी फोनवर सांगितले आणि मी दहा मिनिटांत लिहून दिली: "काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव संस्थेचे सर्व आर्थिक व्यवहार पुढील सूचनेपर्यंत तात्पुरते स्थगित ठेवण्यात येत आहेत. सभासदांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल संस्था दिलगीर आहे." संध्याकाळी ती शटरवर चिकटवली गेली. रात्री तिचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागला. त्या सुमारास दुसरीकडची एक पतसंस्था अडचणीत आल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे आमच्या सूचनेचा अर्थ लावायला कोणाला फार कष्ट पडले नाहीत. शनिवारी सकाळी नऊच्या आत जिन्यावर माणसांची रांग लागली होती.

मला फोन आला तो मॅनेजरांचा नव्हे, पिग्मी गोळा करणाऱ्याचा. पिग्मी हा शब्द सीमेपलीकडच्या वाचकाला कदाचित समजावून सांगावा लागेल: रोज दुकानात, भाजीच्या पाटीजवळ, गिरणीत येऊन दहा-वीस-पन्नास रुपये नेणारी आणि कार्डावर नोंद करून देणारी ही बचत योजना. मूळ कर्नाटकातलेच. उडुपीच्या ज्या बँकेचे पुढे सिंडिकेट बँक असे नाव झाले, तिने 1928 मध्ये ती दोन आण्यांपासून सुरू केली. ती बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, तरी शब्द गल्लीबोळांत तसाच राहिला आहे. हा आमचा पिग्मीवाला गणपत गल्लीपासून खडेबाजारपर्यंतच्या दुकानांत फिरतो. तो म्हणाला, "मॅडम, भाजीवाली मावशी विचारतेय, पैसे हाईत नव्हं ओ आमचे? मी काय सांगू? तुमचा कागद वाचून दाखवला तर ती रडायलाच लागली."

त्या वाक्यात काय काय चुकले होते, हे मला रिक्षात बसल्यावर एकेक करून दिसत गेले. 'अपरिहार्य' म्हणजे काहीतरी हाताबाहेर गेले. 'तांत्रिक कारण' म्हणजे खरे कारण सांगायचे नाही. 'आर्थिक व्यवहार स्थगित' हे तर संस्थांवर निर्बंध आले की बातमीत येणारे शब्द. 'ठेवण्यात येत आहेत' या क्रियापदाला कर्ताच नाही, म्हणजे कोणी बंद ठेवले ते कळत नाही आणि वाचणारा सरकारने ठेवले असे धरून चालतो. सर्वांत वाईट 'पुढील सूचनेपर्यंत'. उघडण्याचा दिवस ठाऊक असताना केवळ सवयीने मी हे शब्द लिहिले होते. एकही विधान खोटे नव्हते. तरी सगळे मिळून जो अर्थ होत होता, तो खोटा होता.

संकटकाळातल्या लेखनाचा धडा म्हणून पाठ्यपुस्तकांत 1982 चे टायलेनॉलचे प्रकरण असते. शिकागो परिसरात या औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातल्याने सात माणसे मेली. तेव्हा जॉन्सन अँड जॉन्सनने लोकांना ते औषध घेऊ नका असे सांगितले आणि सुमारे तीन कोटी बाटल्या बाजारातून परत घेतल्या. लोकांनी काय करायचे ते आधी सांगायचे, कंपनीची बाजू मागून, हा त्यातला क्रम मी वर्गात अनेकदा शिकवला होता. शुक्रवारी दुपारी मात्र तो आठवला नाही.

मॅनेजरांच्या केबिनमध्ये बसून दुसरी सूचना लिहिली, ती अशी:

"आम्ही संस्थेचे कॉम्प्युटर सॉफ्टवेअर बदलत आहोत. त्यासाठी शनिवारी आणि सोमवारी पैसे भरणे आणि काढणे बंद राहील. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता काउंटर उघडेल. शुक्रवारपर्यंत तुम्ही भरलेली प्रत्येक रक्कम तुमच्या पासबुकात किंवा पिग्मी कार्डावर लिहिलेली आहे. ती पाहून घ्या. शंका असेल तर पासबुक घेऊन कार्यालयात या, आम्ही जुन्या खतावणीतली नोंद दाखवू. दवाखान्यासाठी पैसे लागत असतील तर मॅनेजरांना भेटा. काल लावलेल्या सूचनेत कारण आणि दिवस लिहिला नव्हता. ती आमची चूक आहे."

शेवटच्या वाक्यावर मॅनेजरांचा आक्षेप होता. चूक लेखी कबूल केली की उद्या कोणीतरी ती सभेत वाचून दाखवील, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्यही होते, कारण पुढच्या सप्टेंबरात एका सभासदाने ती खरोखरच वाचून दाखवली. परंतु जिन्यावर उभ्या असलेल्या माणसांनी काल एक कागद वाचला होता आणि आज दुसरा वाचणार होते. दोन्हींतला फरक आम्हीच समजावून सांगितला नसता, तर त्यांनी तो आपल्या परीने समजून घेतला असता. दवाखान्याची ओळ मात्र मॅनेजरांनी स्वतः सुचवली, आणि त्या दोन दिवसांत दोघांना त्यांनी हातपावतीवर पैसे दिलेही.

छापायला देण्यापूर्वी मी कागद पिग्मीवाल्याच्या हातात ठेवला आणि मोठ्याने वाचायला सांगितले. तो तिसऱ्या वाक्यावर अडला. "मॅडम, 'काउंटर उघडेल' नको. 'पैसे मिळतील' लिहा. काउंटर उघडून देणार काय, असं विचारतात लोक." मी ते बदलले. पंचवीस वर्षे वाक्ये दुरुस्त करण्यात घालवली होती, तरी ते मला दिसले नव्हते, कारण काउंटरच्या अलीकडे बसून मी वाक्य लिहिले होते.

मंगळवारी साडेदहाला पैसे मिळाले. काही लोकांनी खाती बंद केली, त्यांतले थोडे नंतर परत आले, बाकीचे आले नाहीत. भाजीवाल्या मावशीची पिग्मी चालू आहे.

तेव्हापासून संस्थेची कोणतीही सूचना किंवा प्रेसनोट मी आधी त्याला वाचायला देते. परवा यंदाच्या सभेची नोट त्याला दाखवली. लाभांश पहिल्या वाक्यात, व्याजदर दुसऱ्या, नावे फोटोओळीत, नफ्यामागे 'निव्वळ'. मनाशी म्हटले, यंदा त्याला काही सापडायचे नाही. त्याने चष्मा पुसून नोट सावकाश वाचली आणि विचारले, "लाभांश खात्यावर जमा होणार, की इथं येऊन सही करून घ्यायचा?" मी मॅनेजरांना फोन लावला. त्यांनी चेअरमनांना विचारून सांगतो म्हटले. सायंकाळी कळले की संचालक मंडळाने ते अजून ठरवलेलेच नाही. नोट सध्या माझ्याकडेच आहे.